तान्ह्या बाळाची बुद्धि : एका जुन्या प्रयोगाची हकीकत

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्या घरीं पहिलें अपत्य जन्मास आलें तेव्हां मीं एक इंग्रजी पुस्तक विकत आणिलें. कोणतेंहि काम पुस्तकावांचून सुरू करतां न येणें हा प्राध्यापकी पेशाचाच दोष आहे. त्या पुस्तकांत असें सांगितलें होतें कीं, मूल रात्रीं रडूं लागलें तर त्याला लगेच उचलूं नये. आधीं पांच मिनिटें, मग दहा, मग पंधरा, असें घड्याळ लावून थांबावें, म्हणजे त्यास एकट्यानें झोंपण्याची संवय लागते. त्याप्रमाणें मी मनगटावरील घड्याळाकडे पाहात दाराशीं उभा राहिलों. आमच्या मातोश्रींनीं दोन-तीन मिनिटें हा प्रकार पाहिला. मग "अरे, लेकरूं रडतंय, घड्याळ नव्हे," एवढेंच बोलून त्या आंत गेल्या आणि मुलीला मांडीवर घेऊन बसल्या. माझा प्रयोग तेथेंच आटोपला.

त्या वेळीं मला वाटलें कीं, शास्त्र आणि रूढि यांचा हा नेहमींचाच सामना असून त्यांत वयाच्या जोरावर रूढीची सरशी झाली. पुढें या विषयाचा इतिहास वाचण्यांत आला तेव्हां माझी ही समजूत पार बदलली. तान्ह्या मुलाला घ्यावें कीं न घ्यावें, त्याच्याशीं बोलावें कीं त्याला स्वस्थ पडूं द्यावें, या प्रश्नावर खुद्द शास्त्राच्याच घरांत अर्धें शतक वाद माजला होता. आणि त्या वादांत मातोश्रींच्या बाजूनें ज्यांची साक्ष निर्णायक ठरली ते साक्षीदार अत्यंत विलक्षण होते. मराठी वाचकांस ती हकीकत फारशी परिचयाची नसावी, म्हणून ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

न्यूयॉर्कचे बालरोगवैद्य डॉ. ल्यूथर एमेट होल्ट यांनीं १८९४ मध्यें मुलांची निगा व आहार या विषयावर एक लहानसें प्रश्नोत्तररूप पुस्तक प्रसिद्ध केलें. मुळांत तें दायांच्या शिक्षणासाठीं लिहिलेलें होतें. पण पाहतां पाहतां अमेरिकेंतील सुशिक्षित मातांचें तें प्रमाणग्रंथ होऊन बसलें. सहा महिन्यांच्या आंतील मुलाशीं खेळणें होल्ट यांना मुळींच पसंत नव्हतें. त्यानें मुलाच्या मज्जातंतूंवर ताण पडतो, तें चिडखोर होतें, त्याची झोंप उडते, असें त्यांचें मत. पाजण्याच्या वेळा घड्याळानें ठरलेल्या असाव्यात आणि रडण्याला भुलून त्या मोडूं नयेत, असा त्यांचा कटाक्ष होता. आज हें वाचून होल्ट यांना पाषाणहृदयी ठरविण्याचा मोह होतो, पण तो अन्याय होईल. त्या काळीं मोठ्या शहरांतील तान्हीं मुलें उन्हाळ्याच्या दिवसांत जुलाबानें पटापट मरत. दूध नासकें, पाणी दूषित, आणि रोगजंतूंचा शोध नुकताच लागलेला. मुलाला जितके कमी हात लागतील तितकें तें वांचण्याचा संभव अधिक, हा हिशेब त्या परिस्थितींत अगदींच खुळा नव्हता. शुद्ध दुधासाठीं होल्ट यांनीं केलेल्या खटपटीनें कित्येक जीव वांचले असतील.

त्यांच्यामागून आलेले जॉन वॉटसन यांना मात्र ही सबब लागू पडत नाहीं. वॉटसन हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२० मध्यें त्यांना तें पद सोडावें लागलें आणि पुढें ते जाहिरातींच्या धंद्यांत शिरले. १९२८ मध्यें त्यांनीं मुलांच्या मानसिक संगोपनावर पुस्तक लिहिलें, आणि त्यांत आईच्या वात्सल्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. मुलांना कुरवाळण्यानें तीं दुबळीं व परावलंबी होतात. त्यांना लहान वयाच्या प्रौढ माणसांप्रमाणें वागवावें. रात्रीं निरोप घेतांना कपाळावर ओंठ टेकण्याइतपत सवलत असावी, आणि सकाळीं भेट झाली कीं हातांत हात मिळवावा! जंतूंच्या भीतीनें सुरू झालेला सोंवळेपणा असा तीस-पस्तीस वर्षांत प्रेमापर्यंत येऊन पोंचला. एका जाहिरातदारानें आयांना मायेविरुद्ध उपदेश करावा आणि आयांनीं तो पैसे देऊन विकत घ्यावा, हें त्या काळाचें एक कौतुकच म्हटलें पाहिजे.

तथापि ज्या घरांत आई, आजी, मावशी नांदत आहेत त्या घरांत असल्या ग्रंथांचा अंमल कधींच पुरता बसत नाहीं. कोणी ना कोणी चोरून मूल उचलतेंच. हा अंमल पुरता बसला तो अनाथालयांत व रुग्णालयांत. तेथें शास्त्राची आज्ञा मोडावयास आजी नव्हती. पांढऱ्या शुभ्र खाटल्यांची ओळ, एकाचा श्वास दुसऱ्यास लागूं नये म्हणून मध्यें सोडलेल्या चादरी, उशीला टेकवून मुलाच्या तोंडांत दिलेली दुधाची बाटली, आणि दोन पाळ्यांच्या दरम्यान दीर्घ शांतता. दूध मोजून मापून मिळे, वैद्य नियमानें येत, फरशी आरशासारखी लख्ख असे. आणि तरीहि मुलें वाळत जात. वजन वाढेना, नजर स्थिर होईना, कांहीं निदान होईना, आणि एखाद्या किरकोळ तापांत तीं दगावत. वैद्यांनीं या प्रकाराला निरनिराळीं भारदस्त नांवें दिलीं, पण नांव दिल्यानें रोग हटत नाहीं.

पहिल्या महायुद्धापूर्वींची एक आख्यायिका या संबंधांत सांगतात. बॉस्टनचे डॉ. फ्रिट्झ टॅलबट हे जर्मनींत ड्युसेलडॉर्फ येथील बालरुग्णालय पाहावयास गेले होते. तेथें एक लठ्ठ, वयस्क बाई एका खंगलेल्या मुलाला कडेवर घेऊन फिरतांना त्यांना दिसली. ही कोण, असें विचारतां तेथील मुख्य वैद्य म्हणाले कीं, ती आमची म्हातारी ॲना. वैद्यकाचे सर्व उपाय थकले म्हणजे आम्हीं मूल तिच्या स्वाधीन करतों, आणि तें बहुधा बरें होतें. आख्यायिकेंत थोडें मीठमसाला असेलहि. पण न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे डॉ. हॅरी बॅकविन यांनीं १९४२ मध्यें तान्ह्या मुलांच्या एकाकीपणावर जो लेख लिहिला त्यांत मीठमसाला नाहीं. एकटेपणानें मूल आजारी पडतें, असें त्यांनीं वैद्यकाच्या भाषेंत मांडलें. आणि आपल्या विभागांत येणाऱ्या प्रत्येक परिचारिकेनें एक तरी मूल उचलून घ्यावें असा नियम केला.

परित्यक्त मुलांचीं गृहें आपल्याकडेहि निघालीं होतीं, आणि तीं निराळ्या कारणानें. विधवेच्या पोटीं आलेलें मूल जन्मतःच मारलें जाऊं नये म्हणून जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ मध्यें पुण्यास आपल्या घरींच बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. १८७५ मध्यें पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें तसेंच गृह निघालें. फुल्यांच्या गृहांत काशीबाई नांवाच्या एका ब्राह्मण विधवेच्या पोटीं जन्मलेलें मूल त्या दांपत्यानें दत्तक घेतलें. तोच यशवंत पुढें डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करतां करतां वारल्या तेव्हां तो त्याच कामांत होता. एका उदाहरणावरून सिद्धांत काढूं नये हें मला कळतें. पण गृहांत जन्मलेलें मूल घरांत वाढलें, एवढा फरक येथें नोंदवून ठेवतों. पुढील सर्व हकीकत या फरकाचीच आहे.

अमेरिकेच्या मध्यभागीं आयोवा नांवाचें शेतीप्रधान संस्थान आहे. त्यांतील डॅव्हनपोर्ट या शहरीं सैनिकांच्या अनाथ मुलांसाठीं काढलेलें एक जुनें अनाथालय होतें. १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत तेथें मुलांची अतिशय गर्दी झाली. आयोवा विद्यापीठांतील बालसंशोधनकेंद्राचे हॅरल्ड स्कील्स नांवाचे तरुण मानसशास्त्रज्ञ या अनाथालयांतील मुलांची बुद्धि मोजण्याचें काम करीत. तेथील व्यवस्था त्यांनीं मागाहून वर्णिली आहे. सहा महिन्यांपर्यंत मुलें चादरींनीं झांकलेल्या खाटल्यांत. दृष्टीसमोर टांगलेलें एक खेळणेंहि नाहीं. माणूस दिसे तें लंगोट बदलण्यापुरतें. सहा महिन्यांनंतर थोड्या मोठ्या खाटल्यांत बदली, आणि दोन वर्षें पुरीं झालीं कीं तीस-पस्तीस मुलांमागें एक बाई अशा इमारतींत.

१९३४ च्या सुमारास तेथें दोन लहान मुली होत्या, एक तेरा महिन्यांची व दुसरी सोळा महिन्यांची. दोघीहि खंगलेल्या, स्वतःशींच डुलत बसावें किंवा रडावें, एवढाच त्यांचा दिनक्रम. मोजणी केली तेव्हां एकीची वाढ सहा महिन्यांच्या व दुसरीची सात महिन्यांच्या मुलाइतकी भरली. दोघींची बुद्धि जन्मजात मंद आहे असा निर्णय झाला, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणें त्यांना मंदबुद्धि लोकांच्या एका सरकारी आश्रमांत पाठविण्यांत आलें. तेथें लहान मुलांची निराळी सोय नसल्यामुळें त्यांना प्रौढ स्त्रियांच्या एका दालनांत ठेविलें. या स्त्रिया अठरा ते पन्नास वर्षांच्या. मानसशास्त्राच्या हिशेबानें त्यांचें मानसिक वय पांच ते नऊ वर्षांचें.

सहा महिन्यांनीं स्कील्स दुसऱ्या कांहीं कामासाठीं त्या आश्रमांत गेले असतां दोन तरतरीत, हंसऱ्या, दुडुदुडु धांवणाऱ्या मुली त्यांच्या दृष्टीस पडल्या. या त्याच, हें त्यांना प्रथम खरें वाटेना. त्यांनीं पुन्हा मोजणी केली. वाढीचा वेग विस्मयकारक होता. ही उसनी टवटवी असेल, असें म्हणून वर्षानें पुन्हा मोजणी केली. सुधारणा टिकली होती. पुढें त्या जवळजवळ सामान्य मुलींच्या पंक्तीस येऊन बसल्या.

घडलें होतें तें असें. त्या दालनांतील स्त्रियांना जन्मांत प्रथमच कोणीतरी आपलें म्हणावयास मिळालें होतें. मुली दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या कडेवर असत. कोणी त्यांचे केंस विंचरी, कोणी चिंध्यांचें कांहीं करून देई, कोणी हात धरून चालावयास शिकवी. आश्रमांतील परिचारिका सुटीच्या दिवशीं त्यांना गांवांत बाजार दाखवावयास नेत आणि पदरच्या पैशानें खेळणीं आणीत. ज्यांची बुद्धि पांच वर्षांच्या मुलाची, त्या स्त्रियांना तान्ह्या मुलाशीं तोच तो खेळ शंभर वेळां खेळण्याचा कंटाळा येत नसे. मला वाटतें, आम्हां सुशिक्षितांना तो येतो.

स्कील्स यांनीं मग एक धाडस केलें. डॅव्हनपोर्टच्या मागें पडलेल्या आणखी कांहीं मुलांना त्यांनीं अशाच दालनांत 'पाहुणे' म्हणून धाडलें. कागदोपत्रीं तीं अनाथालयाचींच राहिलीं. पहिल्या दोघींसह अशीं एकूण तेरा मुलें झालीं, सर्व तीन वर्षांच्या आंतील. कोणाचें बाळ आधीं चालतें, कोणाचें आधीं बोलतें, यावरून दालनादालनांत चुरस लागे. बहुतेक मुलांना कोणी एक स्त्री अशी लाभली कीं जी त्याची आईच होऊन राहिली. मुलें निघालीं तेव्हां त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ६४ होता. परत मोजला तेव्हां तो ९२ च्या घरांत गेला. अनाथालयांतच राहिलेल्या बारा मुलांच्या नोंदी त्यांनीं तुलनेसाठीं काढल्या. हीं मुलें आरंभीं अधिक हुशार होतीं, सरासरी ८७. अनाथालयांत राहून तीं ६०-६१ वर उतरलीं होतीं. १९३९ मध्यें स्कील्स व त्यांचे सहकारी हॅरल्ड डाय यांनीं हे आंकडे प्रसिद्ध केले.

आंकडे प्रसिद्ध होतांच विद्वानांचें वादळ उठलें. स्टॅनफर्डचे लुइस टर्मन, ज्यांनीं बुद्धिमापनाची पद्धति अमेरिकेंत रूढ केली, आणि मिनेसोटाच्या फ्लॉरेन्स गुडइनफ यांनीं आयोवाच्या एकंदर संशोधनावर कडाडून टीका केली. बुद्धि आनुवंशिक असते, ती मोजतां येते पण हलवितां येत नाहीं, हें तेव्हांचें गृहीत होतें. टीकेंत तथ्यांशहि होता. मुलें थोडीं, तुलनेचा गट आधीं ठरविलेला नव्हता, मागाहून दप्तरांतून काढलेला होता, अगदीं तान्ह्या वयांतील मापनाचा भरंवसा कमी. पण टीकाकारांच्या उपहासाचें खरें कारण मला दुसरेंच दिसतें. मंदबुद्धि स्त्रियांच्या सहवासानें मुलांची बुद्धि वाढली, हें वाक्यच त्यांना हास्यास्पद वाटलें. अशा स्त्रियांना मुलें होऊं नयेत म्हणून त्यांच्यावर सक्तीनें शस्त्रक्रिया करण्याचे कायदे त्या वेळीं अमेरिकेंतील अनेक संस्थानांत चालू होते, आणि १९२७ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा कायदा वैध ठरविला होता. ज्यांना आई होण्याचा अधिकार कायद्यानें नाकारला त्याच वर्गांतील स्त्रियांनीं शास्त्राला आईपणाचें मोल दाखवून द्यावें, हें पचणें अवघडच होतें. स्कील्स यांचें काम मागें पडलें. महायुद्ध सुरू झालें. ते सैन्यांत गेले आणि परत आल्यावर दुसऱ्या नोकरीस लागले.

दरम्यान दुसरीकडून पुरावा येऊं लागला. मूळचे व्हिएन्नाचे डॉ. रेने स्पिट्झ यांनीं १९४५ मध्यें दोन संस्थांतील मुलांची तुलना केली. एक होती स्त्रियांच्या तुरुंगांतील शिशुशाला. तेथें कैदी आयाच आपल्या मुलांचें सर्व करीत. दुसरें एक स्वच्छ व सुसज्ज अनाथालय. तेथें एका दाईच्या वांट्यास आठएक मुलें येत. तुरुंगांतलीं मुलें धडधाकट वाढलीं. अनाथालयांतील ९१ मुलांपैकीं ३४ दोन वर्षांत दगावलीं. स्पिट्झ यांनीं या मुलांचीं चलच्चित्रें घेतलीं; तीं पाहून वैद्यांच्या सभा निःशब्द झाल्या असें सांगतात. १९५१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेसाठीं जॉन बोल्बी यांनीं अहवाल लिहिला, आणि मग हळूहळू रुग्णालयांचे दरवाजे आयांना उघडले. होल्ट यांच्या पुस्तकापासून येथवर येण्यास सत्तावन्न वर्षें लागलीं.

मग या मांडींत असें आहे तरी काय? उगाच गूढ भाषा न वापरतां एक रोजचें उदाहरण घेऊं. बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून पाटावर बसते, बाळाला नडग्यांवर पालथें घालते, टाळूवर तेल थापते, आणि सारा वेळ बोलत असते: आतां पाठ, आतां हात, आतां पाणी येणार हं, डोळे मीट. चार दिवसांनीं बाळाला कळतें कीं या आवाजामागून पाणी येतें. तें आधींच डोळे मिटून घेतें. तें हुंकार देतें, बाई त्याला उत्तर देते; तें थांबतें, तीहि थांबते. एकानें चेंडू टाकावा आणि दुसऱ्यानें परतवावा, तसा हा खेळ आहे. कारणामागून कार्य येतें, माझ्या आवाजाला जगाकडून उत्तर मिळतें, भीतीनंतर ऊब असते, हें बाळ शिकतें तें येथें. अमेरिकेंतील एडवर्ड ट्रॉनिक यांनीं १९७५ नंतर एक साधा प्रयोग केला. आईनें बाळाशीं हंसत-बोलत असतांनाच एकदम चेहरा निर्विकार करावयाचा व दोन-तीन मिनिटें तसाच ठेवावयाचा. बाळ आधीं हंसून पाहतें, हात पुढें करतें, ओरडतें, आणि शेवटीं तोंड फिरवितें. दोन मिनिटांत त्याची ही अवस्था होते. डॅव्हनपोर्टच्या मुलांसमोर तर कधीं चेहराच नव्हता.

जन्मतः मेंदूचें वजन प्रौढाच्या सुमारें एक चतुर्थांश असतें, आणि दोन वर्षांत तें तीन चतुर्थांशांच्या वर जातें. या काळांत चेतापेशींना जोडणारे सांधे अपरंपार फुटतात. शिकागोचे पीटर हटनलॉकर यांनीं १९७९ मध्यें सूक्ष्मदर्शकाखालीं ते मोजले. मेंदूच्या पुढील भागांत एक-दोन वर्षांच्या वयांत ते प्रौढांच्या जवळजवळ दीडपट दाट आढळले. पुढें जे वापरले जातात ते पक्के होतात, न वापरलेले झडून जातात. आंब्याला मोहोर किती येतो आणि फळें किती धरतात, तसाच हा प्रकार. मात्र तिसऱ्या वर्षीं दार कायमचें बंद होतें अशी जी भीति हल्लीं आईबापांना घालण्यांत येते, आणि तिच्या जोरावर महागडीं खेळणीं खपविलीं जातात, तिला आधार नाहीं. मेंदु पुढेंहि शिकतो. फक्त उशीर झाला म्हणजे श्रम अधिक पडतात.

उशीर किती महाग पडतो हें रुमानियानें दाखविलें. १९६६ मध्यें, ज्या वर्षीं स्कील्स यांचा दुसरा अहवाल निघाला त्याच वर्षीं, तेथील हुकूमशहा चाउशेस्कू यानें लोकसंख्या वाढविण्यासाठीं गर्भपातास बंदी केली. नको असलेलीं, पोसतां न येणारीं मुलें सरकारी बालगृहांत येऊन पडूं लागलीं. १९८९ च्या डिसेंबरांत ती राजवट कोसळली तेव्हां अशा गृहांतील मुलांची संख्या लाखाच्या वर होती. तीं डॅव्हनपोर्टचींच दालनें होतीं, फक्त अधिक घाणेरडीं. पुढें २००० च्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना या अमेरिकन संशोधकांनीं बुखारेस्ट येथील १३६ मुलें निवडून त्यांपैकीं निम्मीं, चिठ्ठ्या टाकाव्या तशीं, पगारी पालकमातांच्या घरीं ठेविलीं. २००७ मध्यें त्यांनीं निष्कर्ष जाहीर केले. साडेचार वर्षांच्या वयांत घरीं वाढलेल्यांचा सरासरी बुद्ध्यंक ८१ भरला, गृहांत राहिलेल्यांचा ७३, आणि प्रथमपासून आईबापांपाशीं असलेल्या मुलांचा १०९. दोन वर्षांच्या आंत घरीं गेलेल्यांना सर्वांत अधिक लाभ झाला. स्कील्स यांच्यावरील सर्व आक्षेप ध्यानांत ठेवून केलेला हा प्रयोग. उत्तर तेंच आलें. २००४ मध्यें रुमानियानें दोन वर्षांखालील मुलांना, अतितीव्र अपंगत्व असल्याखेरीज, अशा गृहांत ठेवण्यास कायद्यानें बंदी केली.

इतकें वाचून आमच्यांतील कोणी म्हणेल कीं, आमच्या आज्यांना हें पूर्वींच ठाऊक होतें. ठाऊक होतें खरें. पण जेथें आजीला व आईला दोघींनाहि पोटासाठीं बाहेर पडावें लागलें तेथें काय झालें, हेंहि पाहिलें पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन निजवीत असत. सरकारनें नेमलेल्या डॉ. बार्न्स बाईंच्या १९२१-२२ च्या चौकशींत हा प्रकार सर्रास आढळला. त्या बायकांच्या ठिकाणीं माया कमी होती असें कोण म्हणेल? त्यांच्यापाशीं दिवसाचे तास नव्हते. डॅव्हनपोर्टला चादरीनें जें साधलें तें येथें अफूनें साधलें.

तास नसलेल्या घरांसाठीं काय करतां येतें, याचें एक उत्तर जमेकांतून आलें. १९८६-८७ मध्यें सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील १२९ खुरटलेलीं मुलें घेतलीं. कांहींना दूध दिलें. कांहींच्या घरीं आरोग्यसेविका आठवड्यांतून एक तास जाऊन टाकाऊ डब्याबाटल्यांच्या खेळण्यांनीं मुलाशीं कसें खेळावें, कसें बोलावें, हें आईला दाखवी. असें दोन वर्षें चाललें. दुधाचा लाभ पुढें ओसरला. खेळाचा लाभ वीस वर्षांनीं त्या मुलांच्या मिळकतींत दिसला. ती सुमारें पाव हिश्शानें अधिक भरली. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडला जें काम केलें त्याचें मर्महि हेंच होतें. वारली मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळा त्यांच्या अंगणांत न्यावी, आणि बिया, शंखशिंपले, पानें हींच साधनें करावीं. त्यांतूनच अंगणवाडी हा शब्द आला, आणि १९७५ च्या सरकारी योजनेनें तो देशभर नेला. मात्र त्या योजनेंत तीन वर्षांखालील मूल पुष्कळ काळपर्यंत वजनकांट्यावर ठेवण्यापुरतें आणि शिध्याच्या पाकिटापुरतेंच आठवलें जाई. वजन मोजतां येतें. बोलणें कोणत्या रकान्यांत लिहावें?

आतां पुन्हा आयोवाकडे. सुमारें वीस वर्षें लोटल्यावर स्कील्स यांनीं त्या पंचवीस मुलांचा शोध घेण्याचें मनावर घेतलें. मुलें केव्हांच मोठीं होऊन गांवोगांव पांगलीं होतीं, कित्येकांचीं नांवें दत्तकविधानानें बदललीं होतीं. जुनीं दप्तरें चाळून, दूरदूरचे प्रवास करून, त्यांनीं एकूणएक माणसाचा पत्ता लाविला. १९६६ मध्यें अहवाल निघाला. मांडीवर वाढलेल्या तेरांपैकीं अकरांना पूर्वींच दत्तक घरें मिळालीं होतीं. तेराहि स्वतःच्या पायांवर उभे होते. अकरांचे विवाह झाले होते. सरासरीनें त्यांनीं शाळेच्या बारा इयत्ता पुऱ्या केल्या होत्या. अनाथालयांतल्या बारांचें शिक्षण सरासरीनें तिसऱ्या इयत्तेपर्यंतहि पोंचलेलें नव्हतें. एक जण वयांत येतां येतां आश्रमांतच वारला होता, चौघे अजून सरकारी संस्थांत पडून होते. इतर बहुतेक भांडीं विसळण्यासारखीं कामें करीत. एकच अपवाद निघाला. हा गृहस्थ छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम करी आणि चांगलें मिळवी. ऐकूं कमी येत असल्यामुळें लहानपणीं त्याला बहिऱ्यांच्या शाळेंत धाडलें होतें, आणि तेथील एका गृहमातेचा त्याच्यावर लोभ जडला होता.

१९६८ मध्यें स्कील्स व त्यांच्या सहकारी मेरी स्कोडाक यांना केनेडी प्रतिष्ठानाचें पारितोषिक मिळालें. त्या समारंभांत स्कील्स यांना सन्मानचिन्ह देण्यासाठीं जो सुविद्य तरुण व्यासपीठावर आला तो त्या तेरांपैकींच एक होता. दोन वर्षांनीं स्कील्स वारले.

तेरा मुलांची इयत्ता, धंदा, विवाह, अपत्यें, सर्व कांहीं अहवालांत नोंदलेलें आहे. ज्या स्त्रियांनीं त्यांना चालावयास शिकविलें त्यांचा शोध घेणें हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता. मूल दत्तक घरीं गेलें त्या दिवशीं आश्रमाच्या दालनांत काय झालें, हें त्यांत नाहीं.